सीटीत गाठ दिसली, मग पुन्हा कॉन्ट्रास्ट एमआरआय कशासाठी?

निळीशाई
आई ५२ वर्षांची आहे. तिचा उजवा डोळा पुढे आलेला वाटतो. जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं तर हे बरंच आधीपासूनचं आहे. दुखत नाही, लाली नाही. थायरॉइडच्या तपासण्या नॉर्मल. सीटीच्या रिपोर्टमध्ये डोळ्याच्या मागे, स्नायूंच्या शंकूच्या आत, स्पष्ट कडांची अंडाकृती गाठ लिहिली आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह घालून 'कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा'. आता डॉक्टर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट एमआरआय करा म्हणतात. गाठ दिसतेच आहे, तर तुकडा काढून एकदाचा निकाल का लावत नाहीत? त्या प्रश्नचिन्हामुळे घरात कुणाला झोप नाही.

किरणवाचक
मी रेडिओलॉजिस्ट आहे. मला ते प्रश्नचिन्ह प्रामाणिक वाटतं. सीटी हाड आणि कॅल्शियम उत्तम दाखवतो, पण शंकूच्या आतली अशी गाठ श्वानोमाही (नसेच्या आवरणाची गाठ) असू शकते किंवा सॉलिटरी फायब्रस ट्यूमरही (तंतुमय गाठ). एका क्षणाच्या चित्रात तिन्ही सारख्याच दिसू शकतात.

त्यांच्यातला फरक कळतो तो वेळेत. कॅव्हर्नस ही रक्तवाहिन्यांची गाठ, तिच्यात रक्त अगदी संथ वाहतं. शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध सोडलं की आधी एखादा ठिपका उजळतो आणि मग मिनिटामिनिटाने उजेड पसरत गाठ भरत जाते. श्वानोमा बहुधा सुरुवातीलाच मोठ्या भागावर उजळतो. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर झटकन उजळतो आणि बऱ्याचदा लवकर ओसरतो. टी२ चित्रात (टी१, टी२ हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) तो अनेकदा काळसर असतो, तर कॅव्हर्नस चांगली पांढरी. म्हणून एकाच जागेची चित्रं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात.

साधा मेंदूचा एमआरआय नको, ऑर्बिटचाच म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा हवा, फॅट सप्रेशनसह, म्हणजे चरबीचा उजेड दाबून. खोबणीतली चरबी टी१ वर मुळातच पांढरी असते, तिच्यात उजळलेली गाठ हरवून जाते.

तुकड्याबद्दल: खोबणीत जागा सुमारे ३० मिलिलिटर, त्यातले ७ च्या आसपास डोळ्याचेच, आणि गाठीला खेटून ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे नजरेची नस. चित्र ठाम असेल आणि नजर शाबूत असेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. नसेवर दाब येत असेल तर गाठ अखंड काढतात. कॅव्हर्नस हा कॅन्सर नव्हे, एवढं घरी जरूर सांगा.

सावलीतला
माझं वेगळं होतं. खाली वाकलं की डोळा पुढे यायचा, सरळ झालं की जागेवर. पहिला स्कॅन स्वच्छ आला. पुढच्या वेळी मशीनमध्ये असताना नाक-तोंड मिटून जोर करायला लावला, तेव्हा शिरेचा फुगवटा दिसला. व्हॅरिक्स म्हणाले.

किरणवाचक
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. उताणं, शांत पडलं की ती शीर रिकामी होते आणि चित्रात काहीच उरत नाही. कधी सीटीत तिच्यातले कॅल्शियमचे खडे दिसतात, पण त्यावर विसंबता येत नाही. फॉर्मवर 'वाकल्यावर डोळा पुढे येतो' एवढं लिहिलेलं असलं तरी आम्ही तपासणीची पद्धत बदलतो. डोळा लाल आणि डोक्यात नाडीच्या ठेक्यात सूं-सूं आवाज असेल तर तेही लिहा. तिथे कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुलाचा (डोळ्यामागे धमनीचं रक्त शिरांत घुसण्याचा) विचार करावा लागतो, आणि आम्ही खोबणीतली वरची ऑफ्थॅल्मिक शीर फुगली आहे का ते आधी बघतो.

आणि ही वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती: लहान मुलाचा डोळा काही दिवसांत पुढे येऊ लागला तर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. रॅब्डोमायोसार्कोमा हा मुलांमधला कॅन्सर भराभर वाढतो.

निळीशाई
खूप आधार वाटला. आईच्या त्याच डोळ्यात मोतिबिंदूची लेन्स आहे. चालेल ना?

किरणवाचक
लेन्सने अडत नाही, पण फॉर्मवर लिहाच. भीती असते ती ग्राइंडिंग-वेल्डिंगमध्ये उडून डोळ्यात रुतलेल्या लोखंडी कणाची. तसा कण आईंच्या सीटीत बहुधा दिसला असता. पेसमेकर किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली जुनी क्लिप असेल तर आधी कळवा. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट न्या, आणि सीटीची फक्त फिल्म नको, सीडीही न्या. दोन्ही तपासण्या शेजारी ठेवून बघता आल्या की प्रश्नचिन्ह पुसायला सोपं जातं.