१२० दिवस कुठून मोजायचे?
गर्भपाताच्या या चर्चेत कुणी म्हटलंय की इस्लाममध्ये त्याला १२० दिवसांपर्यंत मोकळीक आहे आणि कॅथलिकांत अजिबात नाही. पहिलं अर्धवट आहे. १२० दिवसांनी गर्भात रूह, म्हणजे आत्मा, फुंकली जाते असं हदीसवरून (पैगंबरांच्या वचनांवरून) मानतात, पण त्याआधीही सबळ कारण लागतंच. सुन्नींच्या मालिकी पंथात तर बहुतेक जण सुरुवातीपासूनच नाही म्हणतात. मुंबईत उत्तरेकडून आलेले मुसलमान बहुतेक हनफी पंथाचे, आपले कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यामुळे दोन मौलाना दोन उत्तरं देऊ शकतात. कॅथलिक चर्च गर्भपात हे गंभीर पाप मानतं हे खरं, पण २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सगळ्याच फादरांना त्याची क्षमा देण्याचा अधिकार कायम केला, हेही सांगायला हवं.

आणि एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, गर्भ राहिल्यापासून नव्हे. कुर्ल्याच्या एका प्रसूतिगृहात मी नर्स होते. एक बाई १८ आठवड्यांची सोनोग्राफी घडी करून पर्समध्ये घेऊन आली. बाळाची कवटीच तयार झाली नव्हती. ती बोटांच्या पेरांवर मोजत होती, ‘सिस्टर, १२६ झाले, आता गुनाह (पाप) होईल.’ मी त्याच रिपोर्टच्या पाठीवर पाळी ते गर्भ राहणं यातले दोन आठवडे वजा करून दाखवले, ११२. निर्णय तिचाच होता, कायद्यालाही सज्ञान बाईचीच संमती लागते, नवऱ्याची नाही. तो कागद घेऊन ती आधी मौलानांकडे गेली, दोन दिवसांनी परत आली आणि संमतीच्या फॉर्मवर सही केली.