शोधमोहिमेचं मॉडेल: आणखी तपशील घालू की काढू?

मृणाल:
एम.टेक. प्रोजेक्टसाठी समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानाचं सिम्युलेशन केलंय. १०,००० चौरस किमी क्षेत्र, एक बोट, विमान कसंही वळत तिला शोधतं. वारा, लाटा, वैमानिकाचा थकवा धरून ३८ पॅरामीटर झालेत. ५ तासांत बोट सापडण्याची शक्यता येते ९१ टक्के. गाईडनी विचारलं, "९१च का?" मला सांगताच आलं नाही. दोन रात्री धड झोप नाही. काय करू?

जुना_नाविक:
मृणाल, आधी कागद घे. स्वच्छ हवेत विमानाला दोन्ही बाजूंचं मिळून किती रुंद दिसतं? समज १० किमी. वेग ताशी २००, वेळ ५ तास. १० × २०० × ५ = १०,०००. म्हणजे नजरेखालून गेलं ते तुझ्या सगळ्या क्षेत्राइतकं. पण वाट वेडीवाकडी असली की पट्टे एकमेकांवर पडतात, मग शक्यता उरते १ − e^(−नजरेखालचं ÷ एकूण क्षेत्र), इथे १ − e^(−१), म्हणजे ६३ टक्के. दुसऱ्या महायुद्धात कूपमन यांनी अमेरिकी नौदलासाठी मांडलेला हिशोब आहे हा, एका ओळीचा. आता सांग, वारा-लाटा घातल्यावर शक्यता घटायला हवी, ती वाढली कशी?

सायली_ठाणे:
काकांचं पटलं. मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण १९४१चं. ब्रिटिश कोस्टल कमांडची, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाच्या शाखेची, विमानं जर्मन पाणबुड्यांवर डेप्थ चार्ज (पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब) १०० फुटांवर फुटतील असे लावून टाकत. ई. जे. विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की पाणबुडी तेवढी खोल गेली असेल, तर ती नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला कळतच नाही. नेम बसतो तो पृष्ठभागालगतच्या पाणबुडीवर, आणि स्फोट होतो तिच्या खूप खाली. खोली कमी करत २५ फुटांवर आणली. विमानं तीच, स्फोटकं तीच, पण मारा इतका सुधारला की पकडलेल्या जर्मन खलाशांना वाटलं, नवं जबर स्फोटक आलंय!
पण मृणाल, थकवा घाईने काढू नकोस गं. पट्ट्याची रुंदी त्यावरही ठरते.

मृणाल:
सापडलं! क्षेत्राबाहेर गेलेली बोट माझा कोड मोजणीतूनच वगळत होता. न सापडलेल्या बोटीच जास्त वेळ फिरतात, त्यामुळे नेमक्या त्याच गळत होत्या. आता काठावरून परत वळवल्या, तर ५८ टक्के. काका, तुमच्या सूत्रात उलटं घातलं तर पट्टा १० ऐवजी साधारण ८.७ किमी निघतो. वारा, लाटा, थकवा, सगळं मिळून खाल्लं ते एवढंच, १.३ किमी. उद्या गाईडना पहिल्या पानावर हेच दाखवते.