दुधातल्या एन्टरोटॉक्सिनसाठी एसपीआर सेन्सर: रिकाम्या नमुन्यातही सिग्नल

प्रश्न:
एसपीआर सेन्सरच्या (पृष्ठभागाला काही चिकटलं की परावर्तित प्रकाशातल्या बदलावरून सिग्नल देणारा) सोन्याच्या चिपवर स्टॅफिलोकॉकल एन्टरोटॉक्सिन बी या जीवाणूंच्या विषाविरुद्धची अँटीबॉडी ईडीसी-एनएचएस या जोडरसायनांनी बसवली आहे. बफरमध्ये आलेख सुरेख येतो. दूध सोडलं की विष न घातलेल्या नमुन्यातही रेषा वर चढते, आणि धुतल्यावरही पूर्ण खाली येत नाही. काय चुकतंय?

उत्तर १:
धुतल्यावर राहतंय ते चिकटलेलं केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) आणि स्निग्धांश. दूध ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करून वरची साय काढा. मग आम्लाने पीएच ४.६ वर आणा, साका खाली बसवा, निवळ पुन्हा ७.४ वर आणा. धावत्या बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं, चिकटणं कमी करणारं द्रव्य) हवंच. चिपवर अँटीबॉडी न जोडलेले, उरलेले सक्रिय गट १ मोलर इथेनॉलअमाइनने (पीएच ८.५) बंद केलेत ना? हीच पायरी घाईत राहते.

उत्तर २:
निवळ काढतानाही थोडं विष साक्याबरोबर जातं. म्हणून प्रमाण-आलेख (सिग्नलवरून विषाचं प्रमाण काढायचा) बफरमध्ये काढू नका. विषमुक्त दुधात ठरावीक विष मिसळून, त्याच प्रक्रियेतून नेऊन काढा. संदर्भ चॅनेलवर (ज्याचा सिग्नल वजा करायचा तो तुलनेचा भाग) असंबंधित अँटीबॉडी ठेवा, कोरं सोनं नको.

उत्तर ३:
एक छुपा चोर: प्रोटीन ए. नमुन्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू असेल तर त्याचं हे प्रथिन अँटीबॉडीची शेपटीच (एफसी भाग) पकडतं, विष असो वा नसो. कोंबडीची आयजीवाय अँटीबॉडी वापरा, तिला प्रोटीन ए चिकटत नाही.

प्रश्नकर्ता:
इथेनॉलअमाइन झालंय. संदर्भ चॅनेल मात्र कोराच होता! चिकटलेलं विष सोडवून चिपच्या पुनर्वापरासाठी ग्लायसीन पीएच २ चालेल?

उत्तर १:
१० मिलिमोलर, आधी २.५ वर ३० सेकंद. रेषा मूळ पातळीवर आली तर २ कशाला? अँटीबॉडी उगाच मरते.