मदत हवी: चेटकिणींची चांगली सिरीज सुचवा, आधीची भाचीने अर्ध्यातच सोडली

चंद्रकोर:
नमस्कार, जरा घाईत आहे. भाचीला चेटकिणी, जादू, उडणारे झाडू हे सगळं फार आवडतं म्हणून तिला एक फँटसी सिरीज आणून दिली, वाचकांनी नुसती डोक्यावर घेतलीये ती, जिकडे बघावं तिकडे कौतुक, आणि हिने दोन दिवसांत मिटून ठेवली. का नाही आवडली विचारलं तर "नको मला" एवढंच. शनिवारी ती परत राहायला येतेय, त्याआधी दुसरी काहीतरी आणून ठेवायची आहे. चेटकीणच हवी, नायिका मुलगीच हवी, आणि भाग जास्त हवेत कारण ही एकदा वाचायला लागली की थांबत नाही. प्लीज लवकर सांगा.

पानगळ:
कुठली सिरीज दिली होती? आणि भाची केवढी आहे? नऊ वर्षांची असेल तर एक सांगू, सोळाची असेल तर दुसरं.

निळीशाई:
वय काहीही असू दे, हॅरी पॉटर द्या. सात पुस्तकं आहेत, मी स्वतः चार वेळा वाचलीत, प्रत्येक वेळी काहीतरी नवीन सापडतं. डोळे झाकून द्या.

रानवारा:
निळीशाई, त्यांनी नायिका मुलगी हवी असं लिहिलंय हो. हर्मायनी कितीही हुशार असली तरी गोष्ट तिची नाही. माझं मत, नेडी ओकोराफोरचं 'अकाटा विच' द्या. २०११ चं आहे, पुढे २०१७ मध्ये 'अकाटा वॉरियर' आणि २०२२ मध्ये 'अकाटा वुमन', म्हणजे तीन भाग झाले. बारा वर्षांची सनी, जन्म न्यूयॉर्कचा, राहते नायजेरियात, कातडी पांढरी म्हणून उन्हात फुटबॉल खेळता येत नाही आणि वर्गात सगळे चिडवतात. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काही नवीन शिकलं की वरून चिट्टिम पडतात, चिट्टिम म्हणजे त्यांचं चलन, वाकवलेल्या धातूच्या कांड्या. ज्याला जास्त कळतं तो श्रीमंत. माझी लेक ते वाचल्यावर महिनाभर प्रत्येक नवीन शब्दाला "चिट्टिम!" म्हणून ओरडायची. एक लक्षात ठेवा, हेच पुस्तक काही ठिकाणी 'व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स' या नावाने मिळतं, दोन वेगळी समजून दोन्ही घेऊ नका.

चंद्रकोर:
भाची साडेअकरा वर्षांची. वाचन दांडगं आहे, इंग्रजी पुस्तकं आरामात वाचते. सिरीज ती टिफनीची. मी स्वतः वाचलेली नाही.

पानगळ:
टिफनी एकिंग? टेरी प्रॅचेट? अहो, साडेअकराला तर अगदी बरोबर निवड आहे ती! कशावर अडली? ते बुटके निळे नॅक मॅक फीगल स्कॉटिश धाटणीचं बोलतात तिथे खूप जण अडखळतात. मला पहिली तीस पानं काही कळेना, मग मोठ्याने वाचून बघितलं आणि एकदम कळायला लागलं. तिच्यासोबत बसून फक्त फीगलांचे संवाद मोठ्याने वाचा, लगेच रुळेल.

जुनाखोड:
प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या काल्पनिक जगाची एकूण ४१ पुस्तकं आहेत. टिफनीचं पहिलं पुस्तक 'द वी फ्री मेन' हे त्यातलं तिसावं. इतक्या मागून सुरुवात केली की ग्रॅनी वेदरवॅक्स कोण, नॅनी ऑग कोण, हे कसं कळणार? आधी 'विअर्ड सिस्टर्स' पासून मोठ्या चेटकिणींची पुस्तकं क्रमाने वाचायची, मग टिफनी. मी तसंच वाचलं आणि त्यामुळेच शेवटच्या पुस्तकात सुरुवातीलाच ग्रॅनी जाते तेव्हा मला दोन दिवस सुचत नव्हतं.

तळ्यातमळ्यात:
जुनाखोड, हे इथे लिहायलाच हवं होतं का? मी चौथ्या पुस्तकावर आहे. पाचवं मुद्दाम पुरवून ठेवलं होतं, कारण त्यानंतर काही नाही.

जुनाखोड:
मनापासून माफ करा. २०१५ चं पुस्तक, आतापर्यंत सगळ्यांचं वाचून झालं असेल असं धरून चाललो. चूक माझीच. पण क्रमाबद्दल बोललो ते मात्र ठाम आहे.

पानगळ:
आणि मी त्याच्याशी ठाम असहमत. टिफनी नऊ वर्षांची असताना तिलाही ग्रॅनी वेदरवॅक्स कोण हे माहीत नसतं! ती जसजशी भेटते तसतशी वाचणाऱ्यालाही भेटते, त्यातच मजा आहे. अकरा वर्षांच्या मुलीला आधी अर्धा डझन मोठ्यांची पुस्तकं संपव म्हणायचं म्हणजे वाचायची इच्छाच मारायची.

कंदील:
मी मध्ये बोलते. ऑडिओबुक ऐकवा. गाडीत, झोपताना, कुठेही. माझ्या दोन्ही मुलांनी अशीच जाड जाड पुस्तकं संपवली. वाचायचा कंटाळा असलेल्या मुलांना फार उपयोग होतो.

चंद्रकोर:
तिला वाचायचा कंटाळा नाहीये, वर लिहिलंय. फीगलांचं बोलणंही अडलं नसावं, उलट पहिल्या दिवशी तेच वाचून खिदळत होती. दुसऱ्या दिवशी रात्री गप्प. पुस्तक परत दिलं तेव्हा तिची केसांची पिन आतच राहिली होती, दुसरं प्रकरण संपायच्या थोडी अलीकडे.

चौकटराजा:
डायना विन जोन्सची क्रेस्टोमॅन्सी ही जादूगारांची सिरीज द्या आणि प्रश्न मिटवा. आधी 'चार्म्ड लाइफ', १९७७ चं, आणि मग 'द लाइव्ह्ज ऑफ ख्रिस्तोफर चँट'. कालक्रमाने वाचायच्या फंदात पडू नका, ख्रिस्तोफर म्हणजे पहिल्या पुस्तकातला मोठा जादूगार, त्याचं लहानपण नंतर वाचलं तरच खरी गंमत येते. 'विच वीक' तर कधीही वाचता येतं, वर्गात शिक्षकांना चिठ्ठी सापडते की या वर्गात कुणीतरी चेटकीण आहे, आणि मग संशय सगळ्यांवर. शाळेतल्या मुलांचं आपसातलं वागणं इतकं खरं मी कुठे वाचलेलं नाही.

रानवारा:
'विच वीक' मधल्या जगात चेटकिणींना जाळतात. मुलगी आत्ताच कशाला तरी बिचकलेली दिसतेय आणि तुम्ही तिला ते देताय? तसं तर मलाही सांगायला हवं होतं, अकाटा विचमध्येही मुलांना पळवून मारणारा माणूस आहे. आधी ती कशाने गप्प झाली ते कळू द्या.

निळीशाई:
जाळतात हा इतिहासच आहे ना. अमेरिकेतल्या सेलममध्ये खरोखरच्या बायका जाळल्या होत्या. मुलांपासून किती दिवस लपवणार?

जुनाखोड:
सेलममध्ये कुणालाही जाळलं नव्हतं. १६९२ मध्ये १९ जणांना फाशी दिली, १४ बायका आणि ५ पुरुष, आणि एका म्हाताऱ्याने कोर्टात जबाबच द्यायला नकार दिला म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत गेले, त्यात तो मेला. इंग्लंडच्या कायद्यातही चेटकासाठी फाशीच होती, त्यांच्या वसाहतीत तोच कायदा. जाळायचे ते जर्मन प्रदेशांत, आणि स्कॉटलंडमध्ये बहुतेक वेळा आधी गळा आवळून मग. सगळी पुस्तकं आणि सिनेमे मिळून सेलमला चिता पेटवतात म्हणून हा घोळ झालाय.

निळीशाई:
हे माहीत नव्हतं. पण मुद्दा तोच की निरपराध माणसं मारली.

तळ्यातमळ्यात:
सगळ्यांनी थांबा जरा. चंद्रकोर, पुस्तकाचं नाव काय आहे? सिरीजचं नाही, तुम्ही हातात दिलेल्या पुस्तकाचं. मुखपृष्ठावर काय लिहिलंय?

चंद्रकोर:
'आय शाल वेअर मिडनाइट'. लायब्ररीत हेच होतं, बाकीची बाहेर गेली होती. मला वाटलं सुट्या गोष्टी असतील, कुठूनही वाचलं तरी चालतं.

तळ्यातमळ्यात:
हेच वाटलं होतं. चौथं आहे ते, आणि मी सध्या तेच वाचतेय म्हणून सांगते. दुसऱ्या प्रकरणात अँबर नावाची तेरा वर्षांची मुलगी आहे. ती गरोदर असते, बाप तिला इतकं मारतो की मूल जातं. गाव त्याच्या दारावर चालून यायला निघतं, आणि त्याच्याआधी टिफनीला तिथे पोचून सगळं एकटीने निस्तरावं लागतं, त्या न जन्मलेल्या जिवासकट. मी बेचाळीस वर्षांची बाई, मी पुस्तक ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तुमची भाची साडेअकरा वर्षांची आहे आणि पिन बरोबर तिथेच आहे.

चंद्रकोर:
अरे देवा. मला खरंच कल्पना नव्हती. मागे मुलांचं पुस्तक म्हणूनच लिहिलंय, मुखपृष्ठावर टोपी घातलेली मुलगी. दोन दिवस ते डोक्यात घेऊन ती माझ्याच शेजारी झोपली होती आणि मी तिला पुस्तक पूर्ण न केल्याबद्दल बोलले.

पानगळ:
स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. ही सिरीज नायिकेबरोबर मोठी होत जाते, ते बाहेरून कळत नाही. पहिल्या पुस्तकात (२००३) टिफनी नऊ वर्षांची, दुसऱ्यात अकरा, 'विंटरस्मिथ' मध्ये तेराच्या आसपास, आणि तुम्ही दिलेलं २०१० चं, त्यात ती सोळाला टेकलेली. म्हणून पहिलं आणि चौथं एकाच वयाच्या मुलाचं पुस्तक नाही. माझ्या मते पहिली दोन आत्ता, तिसरं वर्षभराने, चौथं चौदा पंधराला, आणि तेही तुम्ही वाचल्यावर.

चौकटराजा:
मी याच्या थोडा विरुद्ध आहे. चौथं पुस्तक वाईट नाही, आणि मुलांनी असं काही वाचूच नये हेही मला पटत नाही. ते वाचून ती एकटी राहिली, खरी अडचण ती आहे. पुस्तक काढून घेतलं, विषय बंद केला, दुसरी गोड सिरीज हातात दिली, तर ती एवढंच शिकेल की हे कुणाला विचारायचं नसतं. आणि मी वर क्रेस्टोमॅन्सी घेऊन उगाच घाई केली, ती राहू द्या बाजूला.

रानवारा:
चौकटराजांशी शंभर टक्के सहमत. शनिवारी नवीन पुस्तक पुढे करण्याआधी बोला. "मी ते दुसरं प्रकरण वाचलं, मलाही त्रास झाला" एवढ्याने सुरुवात करा. पण त्यासाठी आधी खरंच वाचा. आणि तिच्या आईच्याही कानावर घाला.

चंद्रकोर:
ताईला आत्ताच फोन केला. तीही गप्पच झाली आधी, मग म्हणाली, तूच बोल, तुझ्याशी मोकळी आहे ती. आज रात्री वाचायला घेते.

चंद्रकोर:
शनिवार झाला, रविवारही. सांगते, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात म्हणून. दोन प्रकरणं वाचली होती, तिला तसं सांगितलं. आधी मान खाली. मग दोन प्रश्न आले. पहिला, "मावशी, असं खरंच होतं का?" त्याचं उत्तर मी दिलं, जमेल तसं, खोटं नाही बोलले. दुसरा, "त्या अँबरचं पुढे काय झालं?" आणि ते मला माहीतच नव्हतं! इतके दिवस तिच्या मनात तेच होतं हो. मुलगी मरेल या भीतीने तिने पुस्तक मिटलं होतं. कुणीतरी सांगा, मला तिला आज फोनवर सांगायचंय.

जुनाखोड:
सांगतो, आणि यावेळी विचारलंय म्हणून. अँबर मरत नाही. टिफनी तिला फीगलांच्या टेकडीखाली त्यांच्या केल्डाकडे घेऊन जाते, केल्डा म्हणजे त्यांच्या टोळीची आई आणि राणी दोन्ही. ती अँबरला बरं करते, आणि अँबर फीगलांची भाषाही पटकन उचलते. तुमच्या भाचीला एवढं नक्की सांगा की त्या पोरीला कुणीही दोष देत नाही आणि टिफनी तिला एकटं सोडत नाही.

पानगळ:
आणि पहिलं पुस्तक मिळालं का? त्यातली एक जागा मी कुठल्याही मुलाला आधी वाचून दाखवते. टिफनीला नदीत एक राक्षसीण दिसते, डोळे सूपच्या थाळीएवढे असं पुस्तकात लिहिलेलं असतं, तर ही घाबरायच्या आधी घरी जाऊन सूपची थाळी मोजते. आठ इंच भरते. मग कढई घेऊन परत जाते, धाकट्या भावाला आमिष म्हणून काठावर बसवते आणि राक्षसीण वर आली की ठेवून देते एक. त्याच पुस्तकात मिसेस स्नॅपर्लीही आहे, एकटी राहणारी म्हातारी, गावाला चेटकीण वाटली म्हणून घराबाहेर काढली आणि थंडीत मेली. टिफनी चेटकीण व्हायचं ठरवते ते तिच्यामुळे, असं पुन्हा कुणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून. चौथ्यात ती अँबरच्या दारात उभी राहते त्याचं मूळ इथे आहे.

चंद्रकोर:
पहिलं मिळालं, काल रात्री थाळीपर्यंत वाचून झालं, मोठ्याने, फीगलांची आत्ता नुसती झलक दिसलीये. जुनाखोड, तुमचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला फोनवर. "बरं" म्हणाली आणि लगेच विचारलं, "ते पुस्तक परत तर नाही ना केलंस?" नाही केलेलं, मुदत वाढवून घेतली, सध्या माझ्या कपाटात आहे, पिनेसकट. आता आधीच विचारून ठेवते, दुसऱ्या भागात असं काही आहे का?

पानगळ:
आहे थोडं. हायव्हर नावाचं एक काहीतरी टिफनीच्या मनात शिरून तिच्यासारखं वागू लागतं, आणि मिस लेव्हल म्हणून चेटकीण आहे, एक बाई पण शरीरं दोन, त्यातलं एक मारलं जातं. बाकी पुस्तकभर टिफनी घरोघर हिंडून म्हाताऱ्यांची नखं कापणं, आजाऱ्यांची विचारपूस, हीच कामं शिकते. तुम्ही एक प्रकरण पुढे राहा, म्हणजे झालं.