प्रत्येक खासदाराला पगारी संशोधन सहायक हवाच का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

मसुदाकार

लोकसभा आणि राज्यसभा मिळून ७८८ जागा आहेत. मार्च २०२५च्या अधिसूचनेनंतर खासदाराला कार्यालयीन खर्चापोटी महिन्याला ७५,००० रुपये मिळतात, त्यातले ५०,००० संगणक येणाऱ्या सहायकासाठी. या एकाच माणसानं तिकिटं काढायची, रेल्वेच्या कोट्याची पत्रं करायची, मतदारसंघातल्या पेशंटसाठी एम्समध्ये फोन लावायचे आणि उरलेल्या वेळात विधेयक वाचून टिपण द्यायचं. टिपण अर्थातच राहून जातं.

माझं म्हणणं असं, की या पदाला हात न लावता प्रत्येक खासदाराला संसदेच्या खर्चानं वेगळा, पूर्णवेळ संशोधन सहायक द्यावा. महिना ८०,००० पगार धरला तरी वर्षाचे साधारण ७६ कोटी होतात. खासदार निधी माणशी पाच कोटी, म्हणजे वर्षाला ३,९४० कोटी. त्याच्या दोन टक्केही हा खर्च नाही.

हा माणूस नक्की काय करतो, ते कांद्यावरून सांगतो. नवखा माणूस प्रश्न लिहितो: "कांदा उत्पादकांचं नुकसान झालं आहे हे खरं आहे काय, आणि सरकार कोणती पावलं उचलत आहे?" हा प्रश्न कृषी मंत्रालयाकडे जातो आणि उत्तरात चार योजनांची नावं येतात. विषय संपला. जाणकार सहायक आधी ठरवतो, दार कुणाचं ठोठवायचं. निर्यातबंदी आणि किमान निर्यात दर वाणिज्य मंत्रालयाकडे. निर्यात शुल्क (ऑगस्ट २०२३ला ४० टक्के, सप्टेंबर २०२४ला २०, एप्रिल २०२५पासून शून्य) अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. राखीव साठा ग्राहक व्यवहार विभागाकडे. चुकीच्या मंत्रालयाला पाठवलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो, त्या मंत्रालयाचा उत्तर देण्याचा वार वेगळा असतो, आणि मतदारसंघात विषय तापलेला असताना हातात काहीच नसतं.

मग मसुदा. राखीव साठ्यासाठी गेल्या तीन वर्षांत नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी खरेदी संस्थांनी किती टन कांदा घेतला, वर्षनिहाय आणि खरेदी केंद्रनिहाय. दर कोणत्या बाजार समित्यांच्या भावावरून ठरला. साठवणुकीत किती टक्के घट आली. किती शेतकऱ्यांच्या खात्यात थेट पैसे गेले. हे सगळं १५० शब्दांत बसवायचं आणि किमान १५ दिवस आधी द्यायचं. अशा प्रश्नाला योजनांची नावं सांगून वाटेला लावता येत नाही. हे कौशल्य आहे, आणि त्याला पगार हवा.

तिसरा बाक

कांद्याचं उदाहरण पटलं, प्रस्ताव पटला नाही.

पहिली गोष्ट, कायदा करताना खासदाराच्या हातात उरतं काय? १९८५मध्ये पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. विधेयकावर व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, निघाला की मत ठरलेलं. विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. सहायकानं ४० पानी टिपण करून कलम १७मधली चूक दाखवली, तरी मत त्या चुकीच्याच बाजूनं जाणार. दुसरी गोष्ट वेळेची. सभागृहातला वेळ पक्षाच्या संख्येवर वाटला जातो. लहान पक्षाच्या खासदाराला तीन-चार मिनिटं मिळतात, म्हणजे साडेतीनशे-चारशे शब्द. त्यासाठी ७८८ जणांचा नवा फौजफाटा?

आणि खरी भीती पुढेच आहे. नेमणूक खासदाराच्या हातात दिली की त्या जागेवर पुतण्या येणार किंवा पक्षाचा समाज माध्यमं सांभाळणारा येणार. पदाचं नाव संशोधन, काम रील्स काढण्याचं. नाथ पै, मधु दंडवते, मधु लिमये या जुन्या समाजवादी खासदारांचा सभागृहात दरारा होता तो स्वतः नियमांचं पुस्तक आणि अहवाल वाचण्यामुळे. मंत्र्यांना कोंडीत पकडायला त्यांना नियम पुरत होते.

संदर्भ कक्ष

तिसरा बाक, व्हिपचा मुद्दा अर्धाच खरा आहे. व्हिप मतदानाला लागतो. प्रश्न, शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ), नियम ३७७ची निवेदनं (लोकसभेत एखादा विषय थोडक्यात मांडण्याची सोय), स्थायी समितीतली (मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समितीतली) उलटतपासणी यांना लागत नाही. खासदाराचं बरंचसं उपयोगी काम तिथेच होतं आणि तिथेच तयारी कमी पडते.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेत एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच, त्यात तारांकित एकच. क्रम चिठ्ठ्या टाकून लागतो, म्हणून एक चांगला प्रश्न देऊन स्वस्थ बसता येत नाही, अधिवेशनभर सातत्य लागतं. तारांकित यादीत वर नंबर लागला की विचारणाऱ्याला उत्तरावर तिथल्या तिथे दोन उपप्रश्न मिळतात, आणि तिथे बहुतेकांची फजिती होते. तोंडी प्रश्नाचंही लेखी उत्तर सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाच्या जेमतेम आधी हाती येतं. ते तक्त्यासकट वाचून, मागच्या अधिवेशनातल्या उत्तराशी ताडून, दोन वाक्यांचा उपप्रश्न काढायचा. आधीची उत्तरं अगोदरच काढून ठेवलेली नसतील तर ते जमत नाही.

प्रश्न नाकारला जातो तेव्हाही कारणं बहुतेक ठरावीक असतात: विषय राज्याचा आहे, प्रकरण न्यायालयात आहे, मत विचारलं आहे, तेच उत्तर आधी दिलेलं आहे, माहिती प्रकाशित अहवालात सापडते. यातली शेवटची दोन कारणं निव्वळ शोध न घेतल्यामुळे लागतात.

"माहिती गोळा करण्यात येत आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" असं उत्तर आलं की खासदार हिरमुसतो. वास्तविक ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला शासकीय आश्वासनांची वेगळी समिती आहे. नोंदवहीत तारीख टाकून मागे लागणारा माणूस हवा, एवढंच.

पण मसुदाकार, तुमच्या उपायाशी मी सहमत नाही. ७८८ खासगी सहायकांऐवजी संसदेच्या ग्रंथालयाची संशोधन आणि संदर्भ सेवा मोठी करा. ती आजही आहे, सदस्यानं मागणी केली की टिपण मिळतं. अमेरिकेत काँग्रेसची संशोधन सेवा १९१४पासून आहे, ब्रिटनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सचं ग्रंथालय विधेयकांवर पक्षनिरपेक्ष टिपणं काढतं. एका पीकविम्याच्या विषयावर वीस खासदारांचे वीस सहायक तेच आकडे वीसदा जमवणार, हा अपव्यय आहे.

मसुदाकार

संदर्भ कक्ष, अमेरिकेचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. तिथे संशोधन सेवा आहेच, शिवाय प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक सदस्याला १८ कायम कर्मचारी नेमता येतात. एक आहे म्हणून दुसरं नको असं कुणी म्हणत नाही.

मध्यवर्ती सेवेची अडचण तिच्या तटस्थपणातच आहे. पीकविम्यावर ती योजना समजावेल: २०१६च्या खरिपापासून सुरू, शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला दोन, रब्बीला दीड, नगदी आणि फळपिकांना पाच टक्के. परभणीच्या खासदाराला हवं असतं वेगळंच. आपल्या जिल्ह्यात पीकनुकसानीच्या किती सूचना ७२ तासांत पोचल्या नाहीत म्हणून फेटाळल्या, पीक कापणी प्रयोगाच्या (शेतात पीक कापून उत्पादन मोजण्याच्या) आकड्यांवर कंपनीनं हरकत कधी घेतली, राज्याचा हप्त्याचा हिस्सा कधी जमा झाला. हे विचारायचं हे तालुका कृषी कार्यालयातून आलेल्या मराठी अर्जांचा गठ्ठा चाळल्याशिवाय सुचत नाही. दिल्लीतल्या संदर्भ विभागाकडे तो गठ्ठा जाणार नाही.

तुटीचा ताळेबंद

चर्चा प्रश्नांवरच अडकली आहे. मला अर्थसंकल्पाबद्दल बोलायचं आहे, कारण अर्धवट तयारीचा सहायक सगळ्यात जास्त नुकसान इथे करतो.

एक चूक वारंवार दिसते. सहायक यंदाचा अर्थसंकल्पी अंदाज गेल्या वर्षीच्या अर्थसंकल्पी अंदाजाशी लावतो आणि "तरतूद बारा टक्क्यांनी वाढली" असं लिहून देतो. खर्चाच्या खंडात शेजारीच सुधारित अंदाज (वर्ष सरत आल्यावर बदललेला आकडा) आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च असतो. गेल्या वर्षी १०० ठेवले, सुधारितमध्ये ७० केले, यंदा ११२ दाखवले, तर कथा वाढीची नाही, न खर्चलेल्या पैशांची आहे. दुसरी चूक म्हणजे योजनेचं नाव बदलून किंवा दोन योजना एकत्र करून तयार झालेलं नवं शीर्ष (खर्चाचं खातं) जुन्याशी ताडणं. तिसरी, निव्वळ (वसुली वजा केलेल्या) आणि ढोबळ रकमांची सरमिसळ. खासदार उठून चुकीचा आकडा बोलला की मंत्री एका वाक्यात त्याला खाली बसवतो, आणि त्याच्या भाषणातला खरा मुद्दाही वाया जातो.

विधेयकावरच्या दुरुस्त्यांचंही तेच. सूचना विधेयक विचारात घेण्याच्या एक दिवस आधी द्यावी लागते. विधेयकाची प्रत हातात पडल्यापासून मिळतात एक-दोन रात्री. तेवढ्यात मूळ कायदा उघडायचा, कोणत्या पोटकलमात कोणते शब्द गाळायचे आणि कोणते घालायचे ते ओळ क्रमांकासह लिहायचं, आणि तपासायचं की दुरुस्तीमुळे संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य खात्यावर, बोजा पडतो का. कराशी किंवा खर्चाशी संबंध आला तर अनुच्छेद ११७खाली राष्ट्रपतींची शिफारस लागू शकते. ती नसेल तर दुरुस्ती मांडताच येत नाही. चांगल्या हेतूच्या कितीतरी दुरुस्त्या इथेच अडतात.

म्हणून माझं उत्तर: सहायक द्या, पण आधी प्रशिक्षण आणि परीक्षा. नुसता पदवीधर नको.

तिसरा बाक

ताळेबंद, परीक्षा घेऊन पोरं आणली तरी टिकवणार कशी? संसदेच्या कामावर संशोधन करणारी पीआरएस संस्था २०१०पासून लॅम्प फेलोशिप चालवते. पदवीधर, वय २५च्या आत, जूनच्या मध्यापासून पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटापर्यंत एका खासदाराबरोबर काम. उपक्रम उत्तम आहे, तरुणांनी जरूर जावं. पण मुलाला नियमावली कळू लागते आणि मुदत संपते. पुढच्या वर्षी नवा चेहरा, पुन्हा तारांकित म्हणजे काय इथून सुरुवात. सरकारी पदाचंही तसंच होईल, कारण खासदार पडला की सहायकही घरी. अशा नोकरीवर दिल्लीत भाडं भरून कोण दहा वर्षं काढेल?

आणि स्थायी समित्यांबद्दल कुणी बोललं नाही. समितीची बैठक खासगी असते. नियम २६६च तसा आहे. खासदाराचा खासगी सहायक आत बसू शकत नाही, अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत समितीची कागदपत्रं गोपनीय असतात, आणि ती बाहेर फुटली तर विशेषाधिकारभंग, म्हणजे सभागृहाच्या हक्कांचा भंग. मग ज्या जागी व्हिप नाही आणि जिथे तुमच्या मते खरं काम होतं, तिथेच हा माणूस निरुपयोगी.

संदर्भ कक्ष

समित्यांबाबत तिसरा बाक अगदी बरोबर बोलले, आणि माझा आग्रह त्याचसाठी आहे. विभागवार स्थायी समित्या १९९३मध्ये आल्या, लातूरचे शिवराज पाटील तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते. आधी १७, २००४पासून २४. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. प्रत्येक समितीला विषयाचे तज्ज्ञ कायम नेमा. २४ समित्यांना प्रत्येकी पाच संशोधक म्हणजे १२० माणसं. गोपनीयतेची शपथ त्यांना घालता येते, निवडणुकीनं नोकरी जात नाही, आणि सगळ्या पक्षांच्या सदस्यांना त्यांचा सारखा उपयोग. सचिव साक्षीला येतात तेव्हा मंत्रालयाच्या लेखी उत्तरातली गाळलेली जागा सदस्याला आदल्या दिवशी दाखवणारा माणूस तिथे हवा.

तुटीचा ताळेबंद

१२० तज्ज्ञ नेमा, माझा पाठिंबा. पण समितीकडे विधेयक आलं तर ना! पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत १६ टक्के. उरलेली ८४ टक्के विधेयकं थेट सभागृहात आली, आणि तिथे प्रत्येक खासदार एकटा होता. समितीतले तज्ज्ञ अशा विधेयकाला शिवणारही नाहीत. समित्या ओस पडत असताना सगळी ताकद तिथेच लावायची, याला माझी हरकत आहे.

कोकणकडा

दोन व्यवहाराच्या गोष्टी, प्रस्ताव कोणताही असो.

लॉगिन. प्रश्न आणि सूचना आता संसदेच्या पोर्टलवरून जातात. लॉगिन दुसऱ्याच्या हाती दिल्याच्या प्रकरणात तृणमूल काँग्रेसच्या महुआ मोइत्रा यांचं लोकसभा सदस्यत्व ८ डिसेंबर २०२३ला रद्द झालं. त्याआधी २००५मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची हकालपट्टी झाली होती. सहायकानं मसुदा लिहावा, खासदारानं वाचून स्वतः दाखल करावा. सहायकाच्या फोनवर ओटीपी मागवणं ताबडतोब बंद व्हायला हवं. कुठल्या कंपनीनं किंवा संघटनेनं प्रश्न सुचवला, तेही मसुद्याच्या कडेला लिहून ठेवावं.

दुसरं, पैसे कुणी द्यायचे. आज अनेक होतकरू मुलं बिनपगारी इंटर्न म्हणून राबतात. घरचं बरं असलेलाच टिकतो. सिंधुदुर्गातल्या किंवा गडचिरोलीतल्या मुलीला दिल्लीत फुकट काम परवडत नाही, आणि जिच्या मराठीवर मतदारसंघातले अर्ज उलगडले असते तीच बाहेर राहते. या एका कारणासाठी मी मसुदाकारांच्या बाजूनं आहे.

मसुदाकार

कोकणकडा, दोन्ही मान्य. पुतण्याच्या भीतीवर तिसरा बाक यांना उत्तर देतो: नेमणूक खासदाराची, पण संसदेच्या सचिवालयानं परीक्षा घेऊन केलेल्या यादीतूनच. पगार सचिवालयातून थेट सहायकाच्या खात्यात. नातेवाइकांना मज्जाव. खासदार पडला तर सहायक यादीत परत आणि दुसऱ्या सदस्याला उपलब्ध, म्हणजे दहा वर्षं काढायला कारण उरतं. समितीच्या कागदांना तो हात लावणार नाही, तिथे संदर्भ कक्ष यांचे १२० जण असू देत.

तिसरा बाक

यादीची अट असेल तर माझा अर्धा विरोध मावळतो. एक गाठ मात्र सोडवा. कालपर्यंत एका पक्षाच्या खासदाराकडे असलेला सहायक, प्रश्नांच्या टाचणांसकट आणि मतदारसंघाच्या अर्जांसकट, उद्या समोरच्या बाकावरच्या सदस्याकडे जाणार. त्या फायली कुणाच्या? खासदाराच्या, सचिवालयाच्या, की सहायकाच्या? हे नियमात लिहिल्याशिवाय एकही खासदार त्याला खरी कागदपत्रं दाखवणार नाही, आणि मग तो तिकिटंच काढत बसेल.