रॉ फाइलमध्येही न सापडणारे रंग
"फोटो रॉमध्ये काढा, रंग नंतर दुरुस्त होतात" असं रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्यांना अनेकदा सांगितलं जातं. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी ठेवणारी फाइल. हे मत बहुतेक वेळा खरं आहे, मीही रॉमध्येच काढतो. पण रात्रीच्या रस्त्यावर ते नेहमी लागू पडत नाही. जुन्या पिवळ्याजर्द सोडियम दिव्यांतला लो-प्रेशर प्रकार जवळपास एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, प्रकाश देतो. त्याखाली निळा शर्ट काळपट दिसतो, कारण परावर्तित व्हायला निळा प्रकाश तिथे नसतोच. सेन्सरपर्यंत जे पोचलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? अशा जागी मी सरळ कृष्णधवल करतो.

बाकी वेळी ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाश बघून रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय) बंद ठेवून बघा. एका प्रवासात तो चालू राहिला आणि एकाच गल्लीतली भिंत एका फोटोत गुलाबी, पुढच्यात राखाडी. लाल छत्री चौकटीत शिरली की सगळेच रंग सरकायचे. नंतर ते एकसारखे करता आले, पण फोटो घेताना स्क्रीनवरचा रंग बघून चौकट ठरवणं जमलं नाही, आणि मला तर रंगीत स्ट्रीट फोटोग्राफीत तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आता व्हाइट बॅलन्स डेलाइट फिल्मसारखा ५५०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या रंगावर, कायम ठेवतो. संध्याकाळी बल्ब नारिंगी येतात, ते तसेच राहू देतो.