मदत हवी आहे: हॅरिमन - बेअर माउंटन पार्कात रोड बाइकसाठी कुठला रूट घ्यावा? (जर्सीहून, ऑक्टोबर)

पॅडल_मारके (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिसनला राहतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझा मावसभाऊ पुण्याहून येतोय. गडी पक्का सायकलवाला, रविवारी पहाटे उठून सिंहगड चढून येतो आणि वर घरच्यांना सांगतो की आज जरा हलकंच केलं. त्याने तिकडूनच फर्मान सोडलंय की टाइम्स स्क्वेअर राहिला तरी चालेल पण बेअर माउंटन सायकलवर करायचाच. मी सपाटीवरचा माणूस, डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या बाजूबाजूने चाळीस मैल आरामात होतात, पण तिथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, बस. नकाशा उघडला तर सेव्हन लेक्स ड्राइव्ह, टिओराटी ब्रुक रोड, गेट हिल रोड, पर्किन्स ड्राइव्ह असं सगळं एकमेकांत गुंतलेलं दिसतंय, कुठून सुरू करायचं आणि कुठे संपवायचं तेच कळेना.

जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवरून नाइन-डब्ल्यू (9W) हायवेने जावं असं एकजण म्हणाला, दुसरा म्हणाला गाडीत सायकली टाकून सरळ पार्कात जा. पस्तीस-चाळीस मैलांच्या आत बसवायचंय. शिवाय भावाला तिथल्या जुन्या किल्ल्यांचं वेड लागलंय, कुठेतरी वाचून बसलाय, त्यामुळे तेही बघणं आलं. बायको आणि मुलं गाडीने येतील, प्राणिसंग्रहालय आणि मेरी-गो-राउंडवर त्यांचे दोन-तीन तास जातील म्हणतात. भाऊ सायकल भाड्याने घेणार आहे. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

हडसनकाठी

बायको-मुलं बेअर माउंटनला असणारच आहेत ना, मग जाऊन-येऊनचा हट्ट कशाला, एकाच बाजूने करा की. २८७ हायवे उत्तरेला धरून स्लोट्सबर्गला या, तिथे उतरा, गाडी पुढे पाठवून द्या. स्लोट्सबर्गहून सेव्हन लेक्स ड्राइव्ह सुरू होतो तो थेट बेअर माउंटनपर्यंत, अठराएक मैल. चढ आहे पण अंगावर येणारा नाही. आधी सेबेगो तलाव, मग कनावाकी सर्कल, मग टिओराटी. टिओराटी साधारण हजार फुटांवर, म्हणजे तिथपर्यंत कमाई करायची आणि पुढे बरीचशी उधळायची, मध्ये छोटे छोटे चढ आहेत ते मोजू नका. तुमच्यासारख्या कालवेवाल्याला हेच बरं, उलट बाजूने आलात तर सुरुवातीलाच दम निघेल.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पॅलिसेड्स पार्कवेवर सायकलला मनाई आहे, आणि हा रस्ता जिथे पार्कवेच्या जवळ जातो तिथे रॅम्पवरून गाड्या येतात, तिथे बोर्ड वाचत हळू जा, मॅप सांगतोय म्हणून घुसू नका. आणि डोंगरात फोनची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते, रूट आधीच डाउनलोड करून ठेवा.

घाटमाथा

सायकलवरून बेअर माउंटन केला असं सांगायचं आणि अर्धा रस्ता गाडीत, हे काही पटत नाही बुवा. नाइन-डब्ल्यूची मजाच वेगळी, ब्रिजवरून निघायचं, पिअरमाँट, नायक, हॅव्हरस्ट्रॉ, स्टोनी पॉइंट, नदी उजव्या हाताला येतजात राहते, न्यूयॉर्कच्या सायकलवाल्यांची ती वारीच आहे. भाऊ सिंहगडवाला आहे म्हणताय, त्याला पाठवा.

हडसनकाठी

अहो घाटमाथा, मॅनहॅटनहून जाऊन-येऊन शंभर मैलांच्या आसपास होतं ते, धागाकर्ते पस्तीस-चाळीस म्हणतायत. आणि स्टोनी पॉइंटच्या पुढे नाइन-डब्ल्यूवर गाड्या काय वेगाने जातात ते तुम्हालाही माहितीये, कालव्याकाठी चालवणाऱ्या माणसाला तिथे नेऊन घालायचं का? हौस भावाची, पण भीती दोघांना वाटणार.

घाटमाथा

बरं बरं, मान्य. पण मग निदान पर्किन्स तरी सोडू नका.

पॅडल_मारके (धागाकर्ता)

धन्यवाद, एका बाजूने जायचं हे डोक्यातच आलं नव्हतं! पर्किन्स किती अवघड आहे? मला जमेल का? आणि किल्ल्यांचं कोणीच बोललं नाही.

हडसनकाठी

पर्किन्स मेमोरियल ड्राइव्ह म्हणजे बेअर माउंटनच्या माथ्यावर जाणारा रस्ता. खाली हडसनवरच्या बेअर माउंटन पुलाजवळच्या सर्कलपासून धरलं तर चारेक मैल, हजार फुटांच्या वर चढाई, पण चढ एकसारखा, साधारण पाच टक्क्यांचा. सिंहगडाचा खडेपणा यात नाही, तुमचा भाऊ गप्पा मारत चढेल. तुमच्यासाठी सोय अशी की तलावांकडून येताना फाटा बेअर माउंटन इन या हॉटेलच्या अलीकडेच लागतो, तिथूनच वळलात तर खालचा टप्पा वाचतो. भावाला सांगा, तू खाली सर्कलपर्यंत जाऊन पूर्ण चढ करून ये, तुम्ही फाट्यावरून तुमच्या गतीने सुरू करा, वर भेट होईलच. शेवटच्या वळणांवर झाडी मोकळी होते आणि खाली हडसन, पूल आणि समोरचा अँथनीज नोज डोंगर दिसतो, हवा स्वच्छ असेल तर लांब मॅनहॅटनच्या इमारतीही. माथ्यावर दगडी मनोरा आहे, १९३४ सालचा.

हा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, ऑक्टोबरमध्ये सहसा उघडा. तरी आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर बघाच. जुलै २०२३ च्या पावसात इकडचे रस्ते वाहून गेले होते, तेव्हापासून मी न बघता निघत नाही.

इतिहासाचा_किडा

किल्ल्यांसाठीच आलो. तुमचा भाऊ दुसऱ्या आठवड्यात येतोय म्हणजे मोसम अगदी बरोबर, कारण लढाई झाली ६ ऑक्टोबर १७७७ ला. हडसनच्या या अरुंद वळणावर अमेरिकनांनी फोर्ट माँटगोमेरी आणि फोर्ट क्लिंटन असे दोन किल्ले बांधले होते, मध्ये पॉपोलोपेनचा ओढा, आणि ब्रिटिश जहाजं वर जाऊ नयेत म्हणून नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकलेली. गंमत बघा, एका किल्ल्यावर जॉर्ज क्लिंटन, दुसऱ्यावर त्याचा भाऊ जेम्स क्लिंटन, आणि हल्ला करणारा ब्रिटिश सेनापती हेन्री क्लिंटन! ब्रिटिश नदीकडून न येता स्टोनी पॉइंटला उतरून डोंगरातून मागून आले, डूडलटाउन नावाच्या वस्तीवरून. दोन्ही किल्ले एका संध्याकाळीत पडले, साखळीही गेली. पण उपयोग काय, ज्याच्या मदतीला हे निघाले होते त्या ब्रिटिश सेनापती बर्गॉइनने उत्तरेला १७ ऑक्टोबरला साराटोगाला शरणागती पत्करली, ही कुमक पोचलीच नाही.

आपल्या गडांसारखे बुरूज-तट शोधू नका, निराशा होईल. दगडी पाये आणि मातीचे उंचवटे उरलेत. फोर्ट माँटगोमेरीला पुलाच्या थोडं उत्तरेला माहिती केंद्र आहे, फोर्ट क्लिंटनचे अवशेष तर प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच आहेत, म्हणजे मुलांबरोबरच बघून होतील. सायकली बाहेर लावा आणि गाडीत साधे बूट ठेवा, क्लीट (पेडलला अडकणारे सायकलचे बूट) घालून त्या दगडांवर चालणं म्हणजे पाय मोडून घ्यायचं काम. तिथूनच अ‍ॅपलाचियन ट्रेल ही लांबलचक पायवाट जाते, त्या अख्ख्या वाटेवरची सगळ्यात कमी उंचीची जागा तीच, १२४ फूट.

आणि डोंगर राहिला कसा, तेही भावाला सांगा. तिथे सिंग सिंगचा तुरुंग हलवायचं सरकारच्या मनात होतं. रेल्वेवाल्या हॅरिमनच्या विधवेने, मेरी हॅरिमनने, १९१० मध्ये १०,००० एकर जमीन आणि १० लाख डॉलर देऊ केले, तुरुंग रद्द करायच्या अटीवर. तेव्हा कुठे हे तलाव आणि रस्ते आपल्या वाट्याला आले.

चेन_उतरली

वरच्यांनी रूट छान सांगितलाय, मी फक्त ऑक्टोबरचं सांगतो. तेव्हा ओकची फळं पडतात, सुपारीएवढी, रस्त्याच्या कडेला खच असतो, सरळ रस्त्यावर टायरखाली नुसती फटफट फुटतात पण उतारावर वळताना एखादं चाकाखाली आलं की पुढचं चाक सरकतं. वर ओली पानं. म्हणून टिओराटी ब्रुक रोडचा मोह आवरा, सावली आणि ओढा बघून उतरावंसं वाटतं, पण पाऊस झाला असेल तर तो रस्ता निसरडा आणि खडबडीत. टायर २८ मिमी रुंदीचे असतील तर उत्तम, हवा थोडी कमी ठेवा.

भाड्याच्या सायकलला मागची कॅसेट (गिअरच्या चकत्या) मोठी मागून घ्या, पेडल आणि बूट भावाने पुण्याहूनच आणावेत, नाहीतर दुकानात तासभर त्यातच जातो. सकाळी थंडी असते, चढताना घाम आणि पर्किन्स उतरताना कुडकुड, खिशात पातळ जॅकेट हवंच. पाण्याच्या बाटल्या स्लोट्सबर्गलाच भरा, तलावावरच्या नळांच्या भरवशावर राहू नका.

पॅडल_मारके (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार! ठरलं, स्लोट्सबर्गहून एकाच बाजूने, भाऊ पूर्ण पर्किन्स आणि मी अर्धा. त्याला क्लिंटनवाली गोष्ट पाठवली तर आत्ताच चार प्रश्न विचारून झाले. फक्त एक, शनिवार की रविवार?

हडसनकाठी

दोन्ही नको. पानं रंगली की वीकेंडला ऑक्टोबरफेस्ट आणि पानं बघणाऱ्यांची जत्रा असते, दुपारनंतर इनच्या पार्किंगला गाड्यांची रांग लागते, तुमच्या घरच्यांची गाडी त्यातच अडकेल. एखादी सुट्टी टाकून मधल्या वारी जा. जमलंच नाही तर रविवारी, पण साडेसातला स्लोट्सबर्गहून चाकं हलली पाहिजेत, आणि गाडीवाल्यांना दहाच्या आत पोचायला सांगा.

घाटमाथा

आणि भावाला परतीचा उत्साह असेल तर त्याला सायकलनेच स्लोट्सबर्गला परत जाऊ दे, तुम्ही गाडीत बसा. तो नाही म्हणणार नाही.